वाचून दाखवले

हिंगणी,
शुक्रवार, ११ जुलै

प्रिय अंकिता,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू 'आत्या' म्हणतेस आणि माझा अर्धा राग तिथेच पातळ होतो. या वेळी तो पातळ होऊ द्यायचा नाही, म्हणून कागद घेतला आहे. बुधवारपासून तुझे चार फोन येऊन गेले, ते मी मुद्दाम घेतले नाहीत. नेटवर्क नव्हतं असं सांगणार नाही. ते कारण मीच तुला शिकवलेलं आहे. हे पत्र नलूच्या हाती देते आहे. ती उद्या सकाळच्या एसटीने मेथी-सांभाराच्या जुड्या घेऊन निघेल, सिंदी मेघेत तुमच्या गल्लीत ती भाजी देतेच, तेव्हा तुझ्याच हातात देईल. किशोरच्या हातात देऊ नको असं तिला बजावलं आहे. तुझा बाप माझा धाकटा भाऊ असला तरी त्याला यातलं काही कळायचं ते तुझ्या तोंडून कळावं. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं सोडून एकदम सहीवर जायची खोड आपल्या घरात फार झाली आहे.

गेल्या शनिवारी दुपारी गोपिका आली. आपल्या घरामागे जिची वाडी आहे ती, तानबाची बायको. वांगी आणि टमाटर लावते, आणि जिच्या वाडीतल्या काकड्या तू चौथीपर्यंत एकदाही पैसे देऊन खाल्ल्या नाहीस. एरवी ती फाटकातूनच हाक मारते. त्या दिवशी फाटक उघडून आत आली, ओट्याच्या पायरीवर बसली आणि मांडीवर एक पुडकं ठेवलं. वर बियाण्याची रिकामी थैली, तिला सुतळी, आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि त्यात विमा कंपनीचा तो जाड लिफाफा. लिफाफा फोडलेला नव्हता, अंकिता. गेल्या ऑगस्टात पोस्टमनने दिला, त्याच दिवशी तिने तो असा बांधून सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवून दिला होता. मी विचारलं, अगं उघडला का नाहीस? तर म्हणाली, "कागद जपून ठेवजो म्हनलं होतं ना अंकितानं. फोडला तं खराब होते." एवढी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला एकतीस वर्षांत मिळाली नाही.

त्याच सकाळी ती तुझ्या बँकेच्या शाखेत जाऊन आली होती. तिच्या लेकीला, शालूला, नर्सिंगला जागा मिळाली आहे, तुला माहीतच असेल. पहिला हप्ता साठ हजार, पंधरा तारखेच्या आत. त्यासाठी गोपिका आपली 'एफडी' मोडायला गेली. तू त्या दिवशी कुठल्याशा गावी शिबिराला गेली होतीस. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं की तुमच्या नावावर एफडी नाहीच. विम्याची पॉलिसी आहे, दर वर्षी दोन लाख भरायचे, दहा वर्षं. दुसरा हप्ता याच महिन्यात आहे. नाही भरला तर पॉलिसी बंद पडेल, आणि भरलेल्यातलं नियमाने जे बसेल ते मिळेल. जे बसतं त्यात शालूचा एक हप्तासुद्धा निघत नाही. रस्ता रुंद करताना धुऱ्याकडची, बांधालगतची पट्टी गेली, तिचा मोबदला होते ते भरलेले दोन लाख. त्या घरात एवढी रक्कम एका वेळी त्याआधी कधी आली नव्हती, पुढे येईल असंही नाही. गोपिका हे सगळं दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सांगत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "दहा साल? मंग शालू कवा शिकन, बाई?" मी तिला पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

मग मी तो लिफाफा फोडला. एक्केचाळीस पानं. रविवार, सोमवार आणि मंगळवार, तीन दिवस मी तेच केलं. चष्म्यावर भिंग धरलं, निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेला इंग्रजी-मराठी कोश मांडीवर घेतला आणि एकेक ओळ वाचली. मराठी शाळेची मास्तरीण असले तरी मूर्ख नाही. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, काय लिहिलं आहे सांगू? पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत, ती पसंत नसेल तर परत करा, किरकोळ खर्च कापून तुमचे पैसे परत मिळतील. हे वाक्य कुठे होतं? बंद लिफाफ्यात. लिफाफा कुठे होता? लुगड्याच्या तुकड्यात. ते तीस दिवस बिचारे सातबाऱ्याशेजारी निजून गेले. आणि तू तिला सांगितलंस जपून ठेव. 'आजच उघड आणि कुणाकडून तरी वाचून घे' एवढं सांगायला तुझी जीभ झडत होती का?

पुढे ऐक. आत एक ग्राहक माहितीपत्रक आहे. दोन पानांचं, चांगलं सोपं. पैसे किती वर्षं भरायचे, मध्येच सोडलं तर काय होईल, तक्रार कुठे करायची, सगळं रकान्यांत मांडलेलं. सरकारने हा कागद द्यायला लावला आहे तो गोपिकेसारखीसाठीच. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे की हे पत्रक तुम्हाला तुमच्या भाषेत हवं असेल तर मागा, मिळेल. ही ओळ इंग्रजीत आहे! मी भिंग खाली ठेवलं आणि एकटीच हसले, आणि मग मला इतका संताप आला की उठून अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं. ज्याला इंग्रजी येतं त्याला मराठी कागद कशाला हवा, आणि ज्याला हवा त्याला तो मागता येतो हे कळणार कसं? कुणीतरी शिकलेल्या, पगारी, एसीत बसणाऱ्या माणसाने ती ओळ लिहिली असेल आणि घरी जाऊन सुखाने जेवला असेल.

पुढच्या पानावर दोन रकाने आहेत. एकात चार टक्के धरून किती मिळेल ते, दुसऱ्यात आठ टक्के धरून. वर स्पष्ट लिहिलं आहे की यातल्या कशाचीही हमी नाही, ही फक्त उदाहरणं आहेत. मला तो कागद पाहताक्षणी गेल्या वर्षीचा ओटा आठवला. तू सुटीच्या दिवशी आली होतीस, नवी निळी बॅग घेऊन. मी तुझ्यासाठी भरीत केलं होतं, वांगी गोपिकेचीच. जेवण झाल्यावर तू तिच्यासमोर हाच कागद धरलास आणि आठ टक्क्यांच्या रकान्यावर बोट ठेवलंस. चार टक्क्यांचा रकाना तुझ्या तळहाताखाली होता. तेव्हा मला तुझ्या नखांचा रंग दिसला, झाकलेला रकाना दिसला नाही. तू म्हणालीस, "एफडीसारखंच हाये काकू, अन् वरून विमा फुकट." दहा वर्षं हा शब्द तू उच्चारला असशील तर मला सांग, मी हे पत्र फाडते. फॉर्मात तर याहून कहर आहे. व्यवसाय: भाजीपाल्याचा व्यापार. वार्षिक उत्पन्न: बारा लाख. हे मी गोपिकेला वाचून दाखवलं तेव्हा ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली. तानबाला सांगायला घरी गेली की आपण बारा लाखवाले झालो.

त्यानंतर कंपनीचा फोन आला होता तिला, तेही तिने सांगितलं. वाडीत वांगी तोडत होती, फोन कानाला लावला, पलीकडची बाई हिंदीत भरभर काहीतरी विचारत होती. तू आधीच सांगून ठेवलं होतंस, ते काही विचारतील, तू हाव म्हणजो. ती प्रत्येक प्रश्नाला होकार देत सात वेळा हाव म्हणाली. ते हाव कंपनीकडे टेप होऊन पडलं आहे. उद्या कुणी विचारलं तर ती टेप लावून दाखवतील की बघा, बाईला सगळं समजलं होतं.

अंकिता, तू तिसरीत होतीस तेव्हाची गोष्ट आठवते? किशोरची बदली झाली होती म्हणून तू माझ्याजवळ राहत होतीस. रूपरावच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणलास, फाटकातच उभी राहून त्यावरची सगळी अक्षरं वाचलीस, कारण वाचायला नुकतंच लागलेलं पोर दिसेल ते वाचतं. आणि तशीच परत गेलीस. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर रूपरावला म्हणालीस की काका, याची तारीख निघून गेली हाये. रूपराव चिडला, म्हणाला बिस्किटाले काय होते? तू हलली नाहीस. नवीन पुडा घेऊन आलीस आणि मला येऊन सांगितलंस की आत्या, त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते वाचतच नाहीत. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझ्या नोकरीचं सोनं झालं. ती पोरगी कुठे गेली ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. तिला वाचायला मी शिकवलं होतं, आणि वाचता येणाऱ्या माणसाने न वाचता येणाऱ्याच्या कागदावर तळहात ठेवावा यापेक्षा ती निरक्षर राहिली असती तरी चाललं असतं. कठोर लिहिते आहे. लिहू दे.

तुझी बाजू मला माहीत नाही असं समजू नकोस. तुमच्या शाखेत सकाळी उभं करून कुणाचं किती झालं ते मोठ्याने वाचतात, हे तूच सांगितलं होतंस. मागच्या वर्षी जुलैमध्ये तू फोनवर हमसून रडलीस, की आत्या, माझा आकडा सगळ्यांत खाली आहे, या महिन्यात एक तरी झाली नाही तर घरी बसवतील. किशोरने घरासाठी काढलेलं कर्ज, त्यात तुझा अर्धा पगार जातो, हेही मला ठाऊक आहे. वरचा खालच्याला दाबतो, खालचा आपल्याहून खालचा शोधतो. तुझ्या साहेबाला कुणीतरी दाबत असेल, त्यालाही घर असेल, मान्य आहे. पण या उतरंडीत सगळ्यांत खाली गोपिका निघाली, आणि तिच्या खाली दाबायला कुणी नाही. दाबलेलं शेवटी शालूच्या फीवर येऊन थांबलं.

आणि आता माझ्यावर येते, कारण मी तुला सांगितलं आहे की मधली पानं सोडायची नाहीत. तू फोनवर रडलीस त्याच संध्याकाळी मी गोपिकेच्या वाडीत गेले होते. मोबदल्याचे पैसे आले हे मला माहीत होतं, बँकेचा फॉर्म मीच भरून दिला होता. मी तिला म्हटलं, आपली अंकिता बँकेत आहे, बाहेर कुठे ठेवण्यापेक्षा तिच्याकडे ठेव, तिचंही काम होईल. 'आपली अंकिता' म्हटलं मी. तिने एक प्रश्न विचारला नाही. तू त्या रविवारी हिंगणीला आपणहून आलीस असं गोपिकेला वाटतं. मी बोलावलं म्हणून आलीस, हे तुला आणि मला माहीत आहे. ऑगस्टात लिफाफा आला तेव्हा ती तो घेऊन आधी माझ्याकडेच आली होती. मी पोहे निवडत होते, मान वर करून पाहिलं आणि म्हटलं, आला का, बरं झालं. तीस दिवसांतला पहिला दिवस होता तो.

बुधवारी मी तुझ्या शाखेत गेले. तू कुठल्याशा प्रशिक्षणाला नागपूरला गेली होतीस, तेच बरं झालं. तुझ्या साहेबाने चहा मागवला, खुर्ची दिली, माझं सगळं बोलणं हसतमुखाने ऐकून घेतलं. मी तावातावाने बोलले. म्हटलं, एका बाईला इंग्रजी कागदावर सही करायला लावता, तिला एक अक्षर समजावून सांगत नाही, ही फसवणूक आहे. त्याने फाइल मागवली, शांतपणे सतरावं पान काढलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. गोपिकेच्या प्रतीत हे पान इतकं पुसट उमटलं होतं की भिंगाखालीही लागेना, म्हणून मी ते तेवढं उलटून पुढे गेले होते. प्रस्ताव इंग्रजीत आणि सही मराठीत असली की तिथे आणखी एका माणसाची सही लागते. वर छापलेलं होतं की या प्रस्तावातील सर्व मजकूर मी प्रस्तावकास तिच्या भाषेत वाचून दाखवला आहे, समजावून सांगितला आहे, तो तिला पूर्णपणे समजला आहे आणि मगच तिने सही केली आहे. खाली सही माझी. नाव, पत्ता, व्यवसाय: सेवानिवृत्त शिक्षिका. सुंदर वळणदार अक्षर, शाळेत फळ्यावर काढायचे तसं. साहेब म्हणाला, "मॅडम, समझाया तो आपने ही है ना?" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं तर संन्यासी तरी कुठे होते मी? चहा तसाच टाकून उठले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि हिंगणीचा थांबा कधी आला ते कळलं नाही, कंडक्टरने हाक मारली तेव्हा उतरले.

ती सही मी कशी केली ते आठवतं मला. भरीताचे हात धुऊन आले, तू म्हणालीस आत्या, इथे एक सही, साक्षीदार म्हणून. मी केली. गेली तीस वर्षं हिंगणीत मी असंच करत आले आहे. सोसायटीचा फॉर्म, घरकुलाचा, गॅसचा, पेन्शनचा, गावातली बायाबापडी माझ्या ओट्यावर येतात, मी पेन उघडते. बाईची सही झाली म्हणजे कागद पक्का, असं गावात म्हणतात. मला त्याचा अभिमान होता. माझ्या वर्गात नियम होता की ज्यावर आपलं नाव लिहायचं ते आधी मोठ्याने वाचायचं, परीक्षेचा पेपरसुद्धा. तुम्हा पोरांना नियम आणि मला सूट! रागाच्या भरात तुला बोलले ते सगळं खरं आहे, पण तुझा तळहात एका रकान्यावर होता. माझी सही एक्केचाळीस पानांवर होती.

बुधवारी परत आले ती सरळ वाडीत गेले आणि गोपिकेला सतराव्या पानाचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती तोंडात येईल ते बोलेल, आणि तसं बोलली असती तर बरं झालं असतं. तुला तिचं बाजारातलं वागणं माहीत आहे. वर्ध्याच्या बाजारात माल घेणारा क्रेट उलटा करून पाहतो, वर चांगली वांगी आणि खाली किडकी भरली आहेत का ते. गोपिका कुणी म्हणायच्या आधी स्वतःच क्रेट पालथा घालते. तिच्या मालाला म्हणूनच दोन रुपये जास्त मिळतात. ती वांग्याच्या ओळीत उभी होती, हातातलं टोपलं खाली ठेवून म्हणाली, "क्रेट मीच नाई उलटा केला, बाई. माही चुकी हाये." मी म्हटलं, तुझी कशी चूक, तुला इंग्रजी येत नाही. तर मान हलवून म्हणाली, "तसं नाई. तुमची सही दिसली. मंग मी काऊन उलटा करू?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जे झालं ते तिने सांगितलं. त्यानंतर मी आजतागायत नीट जेवलेले नाही.

शालूच्या फीचं सांगते. माझ्या पेन्शनच्या पुंजीतून साठ हजार मी काढले आणि काल सकाळी गोपिकेला दिले. घेईना. उसने म्हणून घे म्हटलं, तेव्हा तयार झाली, पण कागद करा म्हणाली. मी चिठ्ठी लिहिली: साठ हजार, बिनव्याजी, जमतील तेव्हा परत. सहीसाठी पेन तिच्या हातात दिलं. तिने पेन घेतलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, वाचून दाखवा. पंचवीस वर्षांच्या शेजारात तिने मला हे कधी म्हटलं नव्हतं. म्हणताना तिलाच ओशाळं वाटत होतं. मी वाचलं, बिनव्याजी म्हणजे काय तेही सांगितलं, मग तिने सही केली. मला ते लागलं, आणि तरी तिचं बरोबर होतं. हे तिने गेल्या वर्षी म्हणावं म्हणून मी शाळेत जन्म घालवला, आणि ती ते म्हणाली फसल्यावर, तेही मलाच.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल दुपारी मी कंपनीच्या तक्रार विभागाला तक्रार लिहिली. त्यांनी ऐकलं नाही तर तीच पुढे विमा लोकपालाकडे जाईल; तिथे वकील लागत नाही, मी चौकशी केली आहे. तिचं पहिलं वाक्य असं आहे: 'सतराव्या पानावरील सही माझी असून त्यावरील मजकूर खोटा आहे, मी सौ. गोपिका यांना काहीही वाचून दाखवले नाही, कारण मी स्वतःच ते वाचले नव्हते.' तेच एक पान कंपनीची ढाल आहे, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारी जगात मी एकटीच आहे. दुसऱ्या वाक्यात तुझं नाव आहे. फॉर्म तू भरलास, उत्पन्न तू लिहिलंस, एफडीसारखंच आहे असं तू सांगितलंस. तुझ्या नोकरीवर येईल हे मला कळतं, आणि ते तुला साहेबाच्या तोंडून कळू नये म्हणून आज लिहायला बसले. काल संध्याकाळी गोपिकेच्या अंगणात बसून ती तक्रार मी तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. तुझ्या नावापाशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "अंकिताचं नाव काढून टाका ना, बाई. लेकरू हाये ते." ज्या बाईचे दोन लाख तू घालवलेस ती हे म्हणाली, आणि मी, तुझी सख्खी आत्या, तिला म्हटलं की नाव निघणार नाही. घरी येऊन खूप रडले. सोमवारी पहिल्या एसटीने वर्ध्याला जाऊन मी ते रजिस्टर पोस्टाने टाकणार आहे. त्याआधी रविवारी ये. ती एक्केचाळीस पानं आपण दोघी मिळून गोपिकेला मराठीत वाचून दाखवू, चार टक्क्यांचा रकानासुद्धा, तुझ्या तोंडून. तक्रारीवर माझ्या सहीखाली चार बोटं जागा सोडून ठेवली आहे, त्या दिवशी काय झालं ते तुझ्या अक्षरात लिहायला. तू लिहिलंस तर गोपिकेचे पैसे परत येण्याची आशा दुप्पट होते, आणि रूपरावच्या दुकानातली ती पोरगी मला परत मिळते. नाही आलीस तर कागद तसाच, रिकाम्या जागेसह जाईल. भरीत करणार आहे. वांगी तिच्याचकडची आणीन, पैसे देऊन.

तुझीच,
छाया आत्या